गच्चीवर भाड्याचा प्रोजेक्टर: उजेड ढीगभर, काळोख मात्र मिळत नाही

साताऱ्यात प्रोजेक्टर-स्क्रीन भाड्याने घ्यायचा विचार असेल आणि त्यावर हॉरर बघायचा असेल तरच हे वाचा. क्रिकेटची मॅच, लग्नाचा व्हिडिओ, लहान पोरांचं कार्टून असलं काही दाखवायचं असेल तर वाचत बसू नका, डोळे झाकून घ्या, मस्त चालतं. आम्ही शाहूनगरात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, सोसायटीची गच्ची मोठीये आणि दिवाळी संपून थंडी पडायला लागली की कुणाच्या तरी डोक्यात किडा वळवळतोच, यंदाचा किडा हॉरर नाइट. शनिवार-रविवार दोन रात्री, दोन पिक्चर, पोराटोरांना घ्यायचं नाही असं मीटिंगमध्ये ठरलेलं आणि अर्थातच सगळ्यात पुढच्या सतरंजीवर पोरंटोरंच.

दुकानाचं नाव टाकत नाही कारण पुढे थोडं वाईटसाईट पण लिहिलंय आणि माणसं तशी चांगलीयेत. दोन दिवसांचे साडेतीन हजार, टेम्पोचे वेगळे, दोन हजार डिपॉझिट आणि आधारची झेरॉक्स. त्यात मिळतं काय, तर १२ बाय ७ फुटाचा पांढरा स्क्रीन लोखंडी फ्रेमसकट, ऑफिसात प्रेझेंटेशनला असतो तसला ३३०० लुमेनचा (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) प्रोजेक्टर, स्टँडवरचे दोन स्पीकर, लांब एचडीएमआय केबल आणि एक ऑपरेटर पोरगा. लॅपटॉप आपला, पिक्चर आपला, एक्स्टेन्शन बोर्डही आपलाच (हे आधी सांगत नाहीत, ऐनवेळी विचारतात 'बोर्ड कुठाय').

आता ३३०० लुमेन म्हणजे किती ते बघू, कारण दुकानात हाच आकडा छाती फुगवून सांगतात. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ चौरस फूट, ३३०० ला ८४ ने भागा, चौरस फुटाला ३९ लुमेनच्या आसपास येतं. साध्या पांढऱ्या स्क्रीनवर त्याचेच साधारण ३९ फूट-लॅम्बर्ट धरायचे, म्हणजे पडदा किती चमकतो त्याचं माप. सिनेमागृहात डिजिटल प्रोजेक्शनचं स्टँडर्ड किती आहे माहितीये? १४ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे ४८ निट (निट हे चमक मोजायचं दुसरं माप). आपल्या मोबाइलचा स्क्रीन दिवसा त्याच्या दहापट तरी चमकत असतो. म्हणजे कागदावर आमची गच्ची थेटरपेक्षा जवळपास पावणेतीनपट उजळ! दिवा जुना झालेला असणार, प्रोजेक्टर वीज वाचवणाऱ्या इको मोडला असणार, निम्मा उजेड गेला म्हणा, तरी १४ च्या वरच राहतो. त्यामुळे 'पडदा अंधुक दिसतो का हो' या प्रश्नाचं उत्तर आहे, नाही, अजिबात नाही, लख्ख दिसतो. आणि तिथेच हॉररचा बट्ट्याबोळ होतो.

कारण प्रोजेक्टर काळा रंग फेकूच शकत नाही, तो फक्त उजेड फेकतो. पडद्यावर जिथे काळं दिसायला पाहिजे तिथे तो उजेड अडवतो, बास, आणि तिथे जे उरतं ते म्हणजे तुमच्या पडद्याचा स्वतःचा रंग, त्यावर आजूबाजूचा जो काही उजेड पडलाय त्यासकट. थेटरात भिंती काळ्या, गालिचा काळा, छत काळं ते काय शोभेसाठी नसतं. आमच्या गच्चीवर पालिकेच्या एलईडीचा पांढराफटक उजेड कठड्यावरून आत येतो, समोरच्या बंगल्याच्या पोर्चमधला दिवा रात्रभर चालू, आणि वर शनिवारी चांदणं. स्क्रीन उभा केला, प्रोजेक्टर अजून लावलेलाही नव्हता, तरी तो कपडा लांबून पांढरा दिसत होता. तोच आमचा 'काळा'. त्यात भर म्हणून प्रेझेंटेशनवाल्या प्रोजेक्टरमधला उजेड पूर्ण अडतही नाही, थोडा झिरपतोच, त्यामुळे काळ्या फ्रेमवरसुद्धा स्क्रीनचा चौकोन राखाडी चमकत राहतो. उजेडाला तोटा नव्हता, काळोख कमी पडला.

शनिवारी लावला 'तुंबाड'. तो निवडला कारण २०२४ च्या सप्टेंबरात थेटरात परत लागला तेव्हा निम्म्या सोसायटीने चुकवला होता, आणि २०१८ ला पहिल्यांदा आला तेव्हा तर कुणी फारसा बघितलाच नव्हता, परत लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला त्याने. आता हा पिक्चर बघितलेल्यांना माहितीये, त्यात ऊन जवळपास नाहीच. पाऊस, ढग, वाड्याच्या आतला ओला काळोख आणि हातातला कंदील. कॅमेरामन पंकज कुमार, त्यांनी उजेड असा ठेवलाय की फ्रेममध्ये जो दिवा दिसतोय त्याच्यातूनच तो येतोय असं वाटावं. कंदील जिथे जातो तिथे भिंत दिसते, कंदील पुढे गेला की मागची भिंत परत बुडते. त्या साखळीतल्या म्हातारीला तुम्ही अख्खी बघतच नाही, थोडी बघता, बाकी तुमचं डोकं भरतं, आणि डोकं जे भरतं ते मेकअपवाल्यापेक्षा भारी असतं.

आमच्याकडे काय झालं, कंदील दिसला, मागची भिंत पण दिसली, कोपरा पण दिसला, सगळं राखाडी. जिथे डोक्याने भरायचं तिथे भरायला जागाच नाही. सेक्रेटरी काका पहिल्या वीस मिनिटांत म्हणाले, "काय धुरकट धुरकट दिसतंय रं, काच पुसली का?" काच स्वच्छ होती. भीतीच्या जागी लोक डोळे बारीक करून बघत होते, 'आता कोण आलं', 'ते काय आहे हातात', आणि हॉररमध्ये प्रेक्षक असले प्रश्न विचारायला लागला की कारभार संपला. घाबरायला माणसाला वाटावं लागतं की काहीतरी आहे आणि मला दिसत नाहीये. इथे वाटत होतं की काहीतरी आहे आणि नीट दिसत नाहीये. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मग मी उठून ऑपरेटरकडे गेलो. प्रोजेक्टर 'डायनॅमिक' मोडवर होता. हा मोड म्हणजे दुकानात गिऱ्हाइकाला गार करायचा मोड, जास्तीत जास्त उजेड फेकतो आणि त्या नादात रंगांवर हिरवट-निळसर झाक येते, कंदिलाचा पिवळा जो गरम पाहिजे तो ट्यूबलाइटसारखा दिसत होता. मी म्हणलं सिनेमा मोड टाक. पोरगं म्हणतंय, "दादा अंधार पडंल, लोकं शिव्या घालतील, लग्नात सगळ्यांना ब्राइटच लागतं." म्हणलं बाबा हे लग्न नाही, टाक. टाकला. एकदम अख्खी गच्ची "ओ ओ काय केलं" म्हणून ओरडली कारण पडदा धाडकन मंद झाला, पण दोनच मिनिटं, मग डोळे बसले आणि कंदील कंदिलासारखा पिवळा दिसायला लागला, माणसांच्या चेहऱ्याला रंग आला. काळं तेवढंच राखाडी राहिलं, ते कुठल्याच बटणाने जात नाही, पण उजेडाला ऊब आली की त्याच्या बाजूचं राखाडी जरा गार आणि खोल वाटतं, डोळ्याची फसवणूक का होईना.

अजून एक, मेनूमध्ये 'ब्राइटनेस' म्हणून जे असतं ते वाढवायचं नाही. नावावरून वाटतं उजेड वाढेल, पण त्याने मुख्यतः काळी बाजू वर उचलली जाते, म्हणजे जे थोडंफार काळं होतं तेही पांढुरकं होतं. पांढऱ्याची ताकद कॉन्ट्रास्टमध्ये असते. ऑपरेटरने आल्याआल्या ब्राइटनेस फुल्ल करून ठेवलेला, सवयीने. मी मधल्याही खाली आणला आणि तेवढ्यावर म्हातारीचा सीन वाचला.

डोळ्यांचं पण सांगतो कारण यात दुकानाचा दोष नाही, आपला आहे. अंधारात गेल्यावर डोळा पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. डोळ्याच्या पडद्यात दोन जातीच्या पेशी, शंकूसारख्या उजेडात चालतात आणि रंग ओळखतात, दंडासारख्या अंधारात चालतात पण रंग त्यांना कळत नाही. त्या दंडवाल्या पेशींना जागं व्हायला वेळ लागतो आणि कुणी एक भगभगीत टॉर्च मारला की ती सगळी कमाई पाण्यात, परत पहिल्यापासून. आमच्याकडे दर पाच मिनिटाला कुणीतरी चप्पल शोधायला मोबाइलचा टॉर्च लावत होतं. चांगला हॉरर बनवणारे लोक हे हिशेबात धरून चालतात, सुरुवातीलाच फार उजळ सीन देत नाहीत, हळूहळू खाली नेतात, आणि मग एकदम पांढरा झटका देतात तेव्हा माणूस खुर्चीतून उडतो, त्यात आवाजाचा वाटा आहेच पण बाहुली विस्फारलेली असते म्हणून तो उजेड अक्षरशः टोचतो. आमच्या बाहुल्यांना विस्फारायला कुणी सवडच दिली नाही.

गंमत म्हणजे किल्ल्यावरच्या टॉवरचा लाल दिवा पडद्याच्या मागे दिसत होता, त्याचा काही त्रास झाला नाही. लाल उजेड त्या दंडवाल्या पेशींना जवळपास कळतच नाही, म्हणून जुन्या जहाजांवर आणि पाणबुड्यांत रात्री लाल दिवे वापरायचे. तेव्हा गच्चीवर जिना दिसावा म्हणून काही लावायचंच असेल तर साधा लाल झिरोचा बल्ब लावा. आमच्या जिन्यात सेन्सरचा दिवा आहे, माणूस आला की आपोआप लागतो, त्याबद्दल पुढे.

शनिवारी सगळ्यात मोठी किंकाळी कशाला पडली सांगू? पाकोळीला. पिक्चर रंगात आलेला, हिरो दोरावरून खाली उतरतोय, सगळे गप्प, आणि प्रोजेक्टरच्या उजेडाला भुलून एक एवढीशी पाकोळी आली ती थेट लेन्सच्या पुढ्यात. पडद्यावर अख्ख्या उंचीची काळी फडफडणारी सावली! दुसऱ्या मजल्यावरच्या काकू किंचाळल्या, त्यांच्या मांडीवरचा भडंगाचा डबा उडाला, आणि मग दहा मिनिटं नुसतं हसणं. पण मला त्यात पिक्चरपेक्षा जास्त मजा आली कारण ही ट्रिक शंभर वर्षं जुनी आहे. वस्तू दिव्याच्या जितकी जवळ तितकी सावली मोठी, एवढाच नियम. १९२२ साली जर्मनीत मुर्नाऊने 'नोस्फेराटू' काढला त्यात तो पिशाच्च बाईच्या खोलीकडे जिना चढून जातो तेव्हा तो स्वतः दिसतच नाही, फक्त भिंतीवरची सावली वर वर सरकते, लांब बोटं, वाकलेली पाठ. रंग नाही, आवाज नाही, आणि आजही ते बघताना मान आखडते. त्याच्या दोन वर्षं आधीच्या 'डॉ. कॅलिगरी' या जर्मन पिक्चरमध्ये तर सेटवर सावल्या चक्क रंगवलेल्या होत्या, ब्रशने, दिव्याची वाटच बघितली नाही.

आणि ही जर्मन सावली आपल्याकडे आली ती काही पुस्तकातून नाही, माणूसच आला. योसेफ विर्शिंग, जर्मन कॅमेरामन, बॉम्बे टॉकीजसोबत इथे आला आणि इथलाच झाला. १९४९ च्या 'महल'चा कॅमेरा त्याचा. तो पिक्चर जुन्या लोकांनी गाण्यासाठी बघितला, पण एकदा आवाज बंद करून बघा, अर्धा महाल काळोखात ठेवलाय आणि बाई कुठल्या अर्ध्यातून येणार ते कळत नाही. आमच्या आज्जीला 'महल' म्हणलं की अजूनही आधी अंधारच आठवतो, गोष्ट नंतर. हॉररची गोष्ट लोक विसरतात आणि उजेड लक्षात ठेवतात हे माझं मत आहे, पटलं तर घ्या.

बरं, शनिवारी अजून एक भूत होतं, ऑपरेटर स्वतः. पोरगं लॅपटॉपमागे बसलेलं, खुर्ची बुटकी, लॅपटॉपचा निळा उजेड खालून तोंडावर. पुढच्या सतरंजीवरच्या एका पोराने मागे वळून बघितलं आणि भोकाडच पसरलं. हसू नका, याच्यामागे पक्कं कारण आहे. जन्मापासून आपण उजेड वरून येताना बघतो, सूर्य वर, दिवा वर, त्यामुळे मेंदू धरूनच चालतो की नाकाची सावली खाली पडणार आणि डोळ्याच्या खोबणी वरून झाकल्या जाणार. उजेड खालून आला की सगळं उलटं, हनुवटी उजळ, कपाळ काळं, भुवयांच्या सावल्या वर, चेहरा तोच पण मेंदूला ओळखू येत नाही. कॉलेजच्या कॅम्पला बॅटरी हनुवटीखाली धरून गोष्टी सांगायचो तो हाच मामला. पिक्चरवाले आता हे फार वापरत नाहीत कारण लोक लगेच 'हां, भुताची लाइट' म्हणतात, पण अचानक, ठरवलेलं नसताना दिसलं की अजून काम करतं, पुरावा आमच्या सतरंजीवर ओला बसला होता.

तांत्रिक रडगाणं एकच उरलं. पिक्चर आम्ही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवत होतो आणि रेंज आमच्याकडे डोंगराच्या कुशीत जेमतेम. नेट कमी पडलं की स्ट्रीमिंगवाले आधी काय कापतात तर अंधारातले बारकावे, कारण तिथे कुणाचं लक्ष जाणार नाही असा त्यांचा हिशेब. नेहमीच्या व्हिडिओत एका रंगाला २५६ पायऱ्या, आणि त्यातल्या अगदी खालच्या काळ्याच्या वाट्याला थोड्याच. त्या पण कापल्या की अंधाराच्या जागी चौकोनी ठोकळे दिसतात, पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसतात. १२ फुटाच्या पडद्यावर ते ठोकळे फरशीएवढे दिसत होते. हॉरर बघायचा तर दुपारीच घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा, सगळ्यात वरची क्वालिटी घेऊन. कॉमेडीला हे नाही केलं तरी चालतं.

तर शनिवारचा एकूण निकाल, पिक्चर एक नंबर, अनुभव पास क्लास. फक्त शेवटाकडे, त्या खालच्या गर्भातल्या भिंती जिथे लालभडक आहेत, मांसासारख्या, तिथे गच्ची एकदम गप्प झाली. तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली की या सेटअपला अंधार झेपत नाही पण रंग झेपतो. राखाडीवर लाल टाकला तरी तो लालच राहतो.

म्हणून रविवारचा प्लॅन बदलला. ठरला होता एक इंग्रजी, सगळा मेणबत्तीतला, तो कॅन्सल केला आणि लावला 'लपाछपी'. २०१७ चा मराठी पिक्चर, विशाल फुरियाचा, पूजा सावंत आहे त्यात, यानेच नंतर २०२१ ला हिंदीत 'छोरी' केला. गरोदर बाई, नवरा, आणि उसाच्या फडात मधोमध एक घर. आणि निम्मी भीती भर दिवसा.

इथे मी जरा थांबून लिहितो कारण हाच या सगळ्या खटाटोपाचा माझ्यासाठी खरा मुद्दा. ऊस म्हणजे काय हे सातारा-सांगलीच्या माणसाला सांगायला नको. वाढलेला फड बारा फूट सहज जातो. बाहेर रणरणतं ऊन असतं, बांधावर डोळे दिपतात, आणि दोन सऱ्या आत गेलात की पाचटाखाली हिरवट सावली, हवा थांबलेली, पात्यांतून उजेडाचे तुकडे खाली पडलेले आणि ते वाऱ्याने हलतात. हलतात म्हणजे सगळंच हललंय असं वाटतं. तीन हाताच्या पुढे दिसत नाही, भर दुपारी. आणि आता कऱ्हाड-पाटणकडे बिबट्याची पिल्लं उसातच सापडतात, ऊसतोड चालू झाली की दर वर्षी बातमी येते. म्हणजे आमच्या प्रेक्षकाला उसाची भीती पिक्चरने शिकवायची गरजच नव्हती, ती घरूनच घेऊन आले होते.

अशा पिक्चरला काळ्या पडद्याची गरज कमी. फ्रेम उजळ आहे, हिरवी-पिवळी आहे, आमचा राखाडी त्यात लपून जातो. सगळं दिसतंय, नीट दिसतंय, फक्त ऊस आडवा आहे. रात्रीच्या सीनमध्ये माणूस अंधाराला दोष देऊ शकतो, दिवा लावला की संपेल असं मनात कुठेतरी असतं. दिवसाउजेडी दिवा आधीच लागलेला आहे, आता काय लावणार? पळायला जागा नाही ती अशी. शनिवारी जे लोक 'कोण आलं, काय आहे' विचारत होते ते रविवारी एक शब्द बोलले नाहीत. बाई फडात शिरली, पाती बाजूला सारतेय, कॅमेरा तिच्या मागे, आणि मागून आज्जी हळूच म्हणाल्या, "आगं माघारी फिर की." कुणी हसलं नाही. पोरं सतरंजीवरून उठून आयांच्या शालीत.

बाहेरही हा प्रकार आहेच. कुब्रिकचा 'शायनिंग', १९८०, हॉटेलचे कॉरिडॉर लख्ख, कोपरान् कोपरा दिसतोय, आणि तरी त्या पोराची तीनचाकी पुढे वळायला लागली की आपण पाय वर घेतो. २०१९ चा 'मिडसोमार' तर बहुतेक सगळा उत्तरेकडच्या न मावळणाऱ्या उन्हात, पांढरे कपडे, फुलं. पण मला विचाराल तर उसासमोर ते दोन्ही फिके, कारण हॉटेलात मी कधी राहिलो नाही, फडात राखणीला मामासोबत झोपलोय.

आता तो सेन्सरचा दिवा. 'लपाछपी'त घराच्या आतला एक शांत सीन चालू, सगळे पुढे झुकलेले, आणि मागे गच्चीच्या दाराखालच्या फटीतून पांढरी रेघ आपोआप उजळली. दार बंद. कुणी येत नाही. रेघ विझली. परत लागली. मागच्या रांगेतल्यांनी बघितलं आणि पुढच्यांना कोपराने ढोसलं, हळूहळू निम्मी गच्ची पडद्याकडे पाठ करून दाराकडे बघत होती. तीन वेळा झालं असेल. मग दार कुरकुरलं आणि सेक्रेटरी काकांच्या मातोश्री चहाची किटली घेऊन आल्या, प्रत्येक पायरीवर दम खात थांबत होत्या म्हणून सेन्सर विझत होता. साडेतीन हजारात हे मिळत नाही, सोसायटीचं आहे.

पिक्चर साडेनऊच्या आत संपला (दहानंतर स्पीकर लावता येत नाही, नियम आहे, ऑपरेटर पण पक्का आहे यात, पावणेदहाला वायर काढायला लागतो), तेवढ्यात काकांची फर्माईश, थोडा रामसे लावा, म्हणजे रामसे बंधूंचा जुना हिंदी भूतपट. 'पुराना मंदिर', १९८४, पंधरा-वीस मिनिटं बघितला. आणि काय सांगू, या भाड्याच्या सेटअपवर सगळ्यात झकास दिसला तो हाच! रामसेंचा घरचा कॅमेरामन गंगू रामसे, त्याला अंधाराशी देणंघेणं नव्हतं, तो सरळ रंग मारायचा. मागून निळा, बाजूने लाल, खिडकीतून हिरवा, मध्ये धूर सोडायचा म्हणजे रंग हवेत दिसतो. हा निळा कुठून येतोय, घरात निळा दिवा कुणी लावलाय, असं विचारायचंच नाही. इटलीत दिग्दर्शक अर्जेंटोने १९७७ ला 'सस्पिरिया'त हेच फार टापटिपीने केलं, लुचानो तोव्होलीच्या कॅमेऱ्याने, त्याला जग कला म्हणतं आणि रामसेला बी ग्रेड, असो. आमची गच्ची हसत होती पण हसताना एकमेकांना धरून होती, आणि त्यातला राक्षस सामरी आला तेव्हा जे पोरगं काल ऑपरेटरला घाबरलं होतं ते टाळ्या वाजवत होतं. भडक रंगाने भीती खेळातली होते, पोरांना ती झेपते. कंदिलाची नाही झेपत.

तेव्हा हा सेटअप घेणार असाल तर गोष्ट चांगली का वाईट ते नंतर बघा, आधी ट्रेलर म्यूट करून बघा आणि उजेड कुठनं येतोय ते बघा. सगळा पिक्चर कंदील-मेणबत्ती-चांदण्यात असेल तर तो थेटरात बघा नाहीतर घरी, ओएलईडी टीव्ही असेल कुणाकडे तर त्याच्याकडे जा, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः विझतो म्हणून काळं खरंच काळं दिसतं, ५५ इंची असला तरी १२ फुटी राखाडीपेक्षा जास्त घाबराल. दिवसाउजेडी किंवा रंगीत भूत असेल तर गच्ची बेस्ट, एवढी माणसं एकत्र घाबरतात ती मजा टीव्हीला नाही. शक्य असेल तर अमावस्येच्या आसपासचा शनिवार धरा, पोर्चवाल्या शेजाऱ्याला आमंत्रण द्या म्हणजे तो दिवा बंद करून येतो (आम्ही रविवारी हेच केलं, फरक पडला), आणि स्क्रीनची पाठ रस्त्याकडे नको, कपड्यातून मागचा उजेड आरपार येतो. साताऱ्याचा वारा धरून फ्रेमला चारही बाजूंनी दोऱ्या बांधा, आमचा स्क्रीन शनिवारी पोटासारखा आत-बाहेर करत होता, हिरॉइनचं नाक लांब-आखूड.

दुकानाला तक्रारी दोन. मागितल्याशिवाय सिनेमा मोड लावत नाहीत, आणि १२ फुटीशिवाय दुसरा स्क्रीनच ठेवत नाहीत. राखाडी रंगाचा स्क्रीन मिळतो बाजारात, तो सगळाच उजेड थोडा खातो, पांढरा पण आणि काळा पण, प्रोजेक्टरकडे उजेड उतू जातोय म्हणल्यावर पांढऱ्याचं नुकसान कळणार नाही. त्यांना सांगितलं, मालक म्हणाले राखाडी स्क्रीन बघितला की लोक म्हणतात मळलेला दिला. यावर काय बोलणार. बाकी वेळेवर आले, वेळेवर गेले, स्पीकर स्वच्छ, डिपॉझिट जागेवर परत, ऑपरेटर पोरगं गुणी, दुसऱ्या दिवशी न सांगता खुर्ची बदलून लॅपटॉप बाजूला वळवून बसलं.

मॅच-लग्नासाठी पाचपैकी साडेचार, हॉररसाठी तीन, रामसेसाठी पाच. संक्रांतीच्या आदल्या शनिवारी परत बोलावलंय, भाडं तेच म्हणाले, टेम्पोचे दोनशे वाढवलेत.